देवबागचं नेट सर्वांत जास्त का जातं? – वाइड एरिया नेटवर्कचा एक पाठ



कॉम्प्युटरच्या पुस्तकात नेटवर्क टोपोलॉजीचा धडा आला की चित्रं ठरलेली असतात. गोलावर पाच कॉम्प्युटर काढले की रिंग. मधे एक डबा आणि भोवती पाच कॉम्प्युटर म्हणजे स्टार. एका आडव्या रेषेला लटकवले की बस. मुलं व्याख्या पाठ करतात, तीन फायदे आणि तीन तोटे लिहितात, गुण मिळतात आणि धडा संपतो. आता खरं सांगायचं तर एका खोलीतल्या पाच कॉम्प्युटरसाठी हा प्रश्न आज जवळपास उरलेलाच नाही. मधे एक स्विच ठेवायचा, सगळ्या वायरी त्यात खोचायच्या, झालं काम.

हे आकार आज खऱ्या अर्थाने जिवंत आहेत ते खोलीच्या बाहेर. एक गाव दुसऱ्या गावाला, शाखा मुख्य कार्यालयाला, ग्रामपंचायत तालुक्याला जोडायची असते तेव्हा. म्हणून मी सुचवेन की हा धडा पुस्तकातल्या चित्रांवर न शिकवता जिल्ह्याच्या नकाशावर शिकवा. इथे मी मालवण तालुका घेतला आहे, तुम्ही तुमचा घ्या. नववीपासून पुढच्या मुलांना हे सहज जमतं. टक्केवारीचा गुणाकार यायला हवा, एवढीच अट.

आधी एक फरक नीट सांगा

लॅन म्हणजे जवळचं नेटवर्क आणि वॅन म्हणजे लांबचं, असं आपण सांगून मोकळे होतो. ते चूक नाही, पण अपुरं आहे. मुलांना विचारा, शाळेच्या ऑफिसातून लॅबमध्ये वायर टाकायची तर कोणाची परवानगी लागेल? मुख्याध्यापकांची. आणि मालवणातल्या शाळेतून आचऱ्याच्या शाळेत टाकायची तर? मधे रस्ता आहे, लोकांच्या बागा आहेत, विजेचे खांब आहेत, खाडी आहे, पूल आहे. तिथे आपण स्वतः वायर टाकत नाही. दूरसंचार कंपनीने आधीच टाकून ठेवलेली वाट भाड्याने घेतो. लॅनमध्ये वाट आपली असते, वॅनमध्ये वाट दुसऱ्याची असते. आणि वाट दुसऱ्याची असली की ती कुठून जाते हे आपल्याला दिसत नाही. पुढचा सगळा पाठ या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून ते फळ्यावर लिहून ठेवा.

कसाल ते देवबाग, एक सरळ रेषा

आता एक कल्पित पतपेढी घेऊ. मुख्य कार्यालय मालवणला. शाखा कट्टा, कसाल, कणकवली, आचरा आणि देवबाग इथे. सगळ्या शाखांतले व्यवहार मालवणच्या कॉम्प्युटरवर नोंदले जायला हवेत. देवबागच्या खातेदाराने कणकवलीत पैसे काढले तर शिल्लक दोन्हीकडे सारखी दिसायला हवी.

समजा, मुख्य फायबर मुंबई-गोवा महामार्गाने येते आणि कसालपाशी तिला फाटा फुटतो. तिथून स्वस्तात स्वस्त काम कसं होईल? रस्त्याच्या कडेने एकच केबल ओढत न्यायची: कसाल, कट्टा, कुंभारमाठ, मालवण, तारकर्ली, देवबाग. सहा ठिकाणं, मधे पाच तुकडे. याला लिनिअर टोपोलॉजी म्हणतात. एस. टी. च्या एकाच मार्गावरच्या थांब्यांसारखी.

इथे मुलांकडून हिशेब करून घ्या. समजा, केबलचा प्रत्येक तुकडा वर्षातले २ टक्के दिवस बंद असतो, म्हणजे साधारण ७ दिवस. कधी रस्त्याच्या कामात जेसीबीचा दात लागला, कधी झाड पडलं, कधी पुलाजवळचा भराव वाहून गेला. हा २ टक्क्यांचा आकडा मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतला आहे, तुम्ही वेगळा घेऊ शकता.

कट्ट्याला नेट मिळायला एक तुकडा चालू असला की पुरे. म्हणजे ९८ टक्के. मालवणला तीन तुकडे एकाच वेळी चालू हवेत. ०.९८ × ०.९८ × ०.९८ = ०.९४१. म्हणजे वर्षातले सुमारे २१ दिवस बंद. देवबागला पाचही तुकडे चालू हवेत. ०.९८ चा पाच वेळा गुणाकार केला की येतात ०.९०४. बंद दिवस ३५!

या ठिकाणी थांबा आणि मुलांना बोलू द्या. प्रत्येक तुकडा तितकाच चांगला आहे, केबल तीच, कंपनी तीच, महिन्याचं बिलही तेवढंच. तरी कट्ट्याला वर्षात ७ दिवस अडचण आणि देवबागला ३५ दिवस. कारण सरळ रेषेत शेवटच्या गावाला वाटेतल्या प्रत्येकाचं दुखणं सोसावं लागतं. 'आमच्या गावातच नेट का जातं' असं मुलं नेहमी विचारतात ना? गाव रेषेच्या शेवटी असणं हे त्याचं एक मोठं कारण असतं, आणि ते केवळ गुणाकाराने दिसतं.

हे काल्पनिक उदाहरण वाटत असेल तर भारतनेटकडे बघा. २०११ साली केंद्र सरकारने नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क मंजूर केलं. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती फायबरने जोडायच्या होत्या. २०१५ मध्ये त्याचंच नाव भारतनेट झालं. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट या नावाने राज्याने अंगावर घेतलं. पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजपासून बरंचसं जुनंच फायबर वापरलं, आणि जिथे ते संपत होतं तिथून ग्रामपंचायतीपर्यंत नवा तुकडा जोडला. पैसे वाचले, काम लवकर झालं, पण आकार मुख्यतः रेषेचा राहिला. पुढे ४ ऑगस्ट २०२३ रोजी सुधारित भारतनेट कार्यक्रम मंजूर झाला. खर्चाचा अंदाज १,३९,५७९ कोटी रुपये. त्यातला एक मुख्य बदल कोणता? रेषेच्या जागी रिंग. म्हणजे धड्यातला हा चार गुणांचा प्रश्न एवढ्या मोठ्या योजनेच्या गाभ्याशी आहे. हे मुलांना आवर्जून सांगा, पुस्तकातल्या व्याख्येकडे बघायची त्यांची नजर बदलते.

रेषेचं वर्तुळ करू या

आपल्या पतपेढीकडे परत या. नकाशावर कसालहून महामार्गाने उत्तरेला कणकवली आहे. कणकवलीहून आचऱ्याला रस्ता येतो. आचऱ्याहून किनाऱ्याने, कालावलची खाडी ओलांडून मालवणला येता येतं. या वाटेने तीन तुकडे जोडले की कसाल, कट्टा, मालवण, आचरा, कणकवली आणि परत कसाल असं वर्तुळ पुरं होतं. कणकवली आणि आचऱ्याच्या शाखा तर जोडायच्याच होत्या, त्या वाटेतच आल्या.

आता मालवणला दोन वाटा. कट्ट्याकडून तीन तुकडे, आचऱ्याकडून तीन तुकडे. प्रत्येक वाट बंद असण्याची शक्यता ०.०५९. मालवण तुटायला दोन्ही वाटा एकाच वेळी बंद हव्यात. ०.०५९ × ०.०५९ म्हणजे ०.००३५. वर्षाचे ८,७६० तास गुणिले हा आकडा, उत्तर सुमारे ३० तास. २१ दिवसांचे ३० तास झाले! केबल जास्त भारी आणली नाही, वेगही वाढवला नाही. फक्त दुसरी वाट दिली.

मग देवबाग? देवबागचं काय झालं ते मुलांना काढू द्या. मालवणपर्यंत आता भरवसा आहे, पण मालवण-तारकर्ली आणि तारकर्ली-देवबाग हे दोन तुकडे एकेरीच आहेत. गुणाकार केला की बंद दिवस ३५ वरून १६ च्या आसपास येतात. सुधारणा झाली, पण वर्तुळाला लटकलेली शेपटी शेपटीच राहिली. देवबागकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

स्टार, मेश आणि कागदावरचा खोटेपणा

स्टार समजवायला पोस्ट घ्या. खेड्यातलं शाखा डाकघर, त्याच्या वरचं उपडाकघर, त्याच्या वर मुख्य डाकघर. शेजारच्या गावात पाठवलेलं पत्रही आधी वर जातं आणि मग खाली येतं. बँका, पतपेढ्या, सरकारी कार्यालयं यांच्या वॅनचा आकार बहुधा हाच असतो, कारण सगळ्यांना शेवटी मुख्य कार्यालयाशीच बोलायचं असतं. व्यवस्था सोपी, हिशेब एका जागी. मात्र मधलं केंद्र पडलं की सगळे मुके.

मेश म्हणजे प्रत्येकाची प्रत्येकाशी थेट जोडणी. किती जोड लागतील याचं सूत्र न × (न − १) ÷ २. जिल्ह्यावर करून बघा. सिंधुदुर्गात आठ तालुके, शिवाय ओरोसचं जिल्हा मुख्यालय, म्हणजे नऊ ठिकाणं. स्टारला ८ जोड, रिंगला ९ आणि पूर्ण मेशला ३६. दोडामार्ग ते देवगड थेट केबल कोण टाकणार? म्हणून वॅनमध्ये पूर्ण मेश क्वचितच परवडते. महत्त्वाच्या ठिकाणांना दोन किंवा तीन वाटा द्यायच्या, बाकीच्यांना एक, याला पार्शल मेश म्हणतात. हा विचार जुना आहे. अमेरिकेत पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये रँड संस्थेसाठी लिहिलेल्या अभ्यासात केंद्रित, विकेंद्रित आणि विखुरलेलं अशी तीन जाळी काढून दाखवली होती. प्रत्येक ठिकाणाला तीन-चार वाटा असल्या तरी जाळं मोठ्या हल्ल्यातही बऱ्यापैकी टिकून राहतं, सगळ्यांना सगळ्यांशी जोडायची गरज नाही, हे त्यांनी हिशेबाने मांडलं. (जाता जाता: १९६९ चं अर्पानेट अणुयुद्धासाठी बांधलं, असं जे सांगितलं जातं ते बरोबर नाही. बॅरन यांचा अभ्यास त्या चिंतेतून आला होता, अर्पानेट मात्र दूरदूरच्या महागड्या कॉम्प्युटरचा सामायिक वापर व्हावा म्हणून. सुरुवातीला चार ठिकाणं होती.)

आता मुख्य मुद्दा, जो मला आपल्या पुस्तकांत फारसा दिसत नाही. आकार दोन असतात. एक कागदावरचा, लॉजिकल. दुसरा जमिनीवरचा, फिजिकल. आपल्या पतपेढीचा आराखडा भिंतीवर लावला तर तो सुंदर स्टार दिसेल: मधे मालवण, भोवती पाच शाखा, पाच सरळ रेषा. पण जमिनीवर कसाल आणि कट्टा या दोन्ही शाखांच्या 'स्वतंत्र' रेषा त्याच चरातून, त्याच केबलमधून येतात. कट्टा-मालवण दरम्यान एक जेसीबी आला की कागदावरच्या दोन रेषा एकदम पुसल्या जातात. वर्गात हे करून दाखवायला फार सोपं आहे. ट्रेसिंग पेपरवर स्टार काढायला लावा आणि तो पेपर रस्त्यांच्या नकाशावर ठेवा. किती रेषा एकाच रस्त्यावर येतात ते मोजा.

वाट कशाची?

आकार झाला, आता साधन. इथे मी सगळी यादी देत नाही, नेटवर भरपूर सापडते. मुलांना अडतं तेवढंच सांगतो.

लीज्ड लाइन म्हणजे दोन ठिकाणांमधली तुमच्यासाठी राखून ठेवलेली वाट. भाडं जास्त, पण वेग ठरल्याप्रमाणे मिळतो. त्याउलट घरगुती ब्रॉडबँड म्हणजे अनेकांत वाटलेली वाट. स्वस्त, पण संध्याकाळी सगळे बसले की हळू. अशा सार्वजनिक वाटेवरून खासगी माहिती न्यायची तर तिला कुलूपबंद बोगद्यातून पाठवतात, तो व्हीपीएन. छोट्या संस्थांना आज हेच परवडतं.

एमपीएलएस हा शब्द आला की मुलं घाबरतात. त्यांना पिनकोड आठवायला सांगा. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्याकडे सहा अंकी पिनकोड आहे. मालवणचा ४१६६०६. वाटेतला सॉर्टिंग करणारा माणूस वाडी, घर नंबर, नाव काही वाचत बसत नाही. अंक बघतो आणि थैलीत टाकतो. एमपीएलएसमध्ये माहितीच्या प्रत्येक पाकिटाला असंच छोटं लेबल चिकटवतात. मधले राउटर पूर्ण पत्ता न वाचता लेबल बघून पुढे ढकलतात. शिवाय कोणतं लेबल कोणत्या वाटेने जाईल हे आधी ठरवता येतं. फरक एवढाच की पिनकोड शेवटपर्यंत तोच राहतो, इथे मात्र प्रत्येक टप्प्यावर लेबल बदलतं.

उपग्रहाचं उदाहरण गणितासाठी छान आहे. १९८० च्या दशकात नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरने जिल्हा मुख्यालयं जोडायला सुरुवात केली ती व्हीसॅट म्हणजे छोट्या उपग्रह डिशच्या आधारे. जिथे केबल पोचत नव्हती तिथे आकाश होतंच. पण स्थिर दिसणारा उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. प्रश्न वर गेला, खाली आला, उत्तर वर गेलं, खाली आलं: चार फेऱ्या, सुमारे १,४३,००० किलोमीटर. प्रकाशाच्या ३ लाख किलोमीटर प्रति सेकंद वेगानेही जवळजवळ अर्धा सेकंद. फायबरमध्ये प्रकाश थोडा हळू चालतो, साधारण २ लाख किलोमीटर प्रति सेकंद, तरी मालवण ते मुंबई ५०० किलोमीटर जाऊन-येऊन ५ मिलिसेकंदच लागतात. म्हणून व्हीसॅटवर व्हिडिओ कॉल केला की दोघं एकमेकांच्या बोलण्यात बोलतात. अलीकडचे ५५० किलोमीटरच्या आसपास फिरणारे उपग्रह ही अडचण बरीच कमी करतात. आणि पाऊस? जुलैत मुसळधार सर आली की घरच्या टीव्हीच्या छत्रीचं चित्र जातं, हे मुलांना सांगायला लागत नाही. त्याच जातीच्या लहरी अनेक व्हीसॅट वापरतात.

राहिलं एसडी-वॅन. नाव मोठं, काम समजायला सोपं. शाखेत एक डबा बसवतात, त्याला दोन-तीन वेगवेगळ्या वाटा जोडतात, समजा एक फायबर आणि एक फोर-जी सिम. कोणती वाट आत्ता बरी आहे ते डबा सतत तपासत राहतो आणि खातेदाराचा व्यवहार चांगल्या वाटेने पाठवतो, सीसीटीव्हीचं चित्र उरलेल्या वाटेने. दोन जोडण्या घेऊन एक नुसती पडीक ठेवण्यापेक्षा हे बरं.

दोन वाटा खरंच दोन आहेत का?

वरचा ३० तासांचा हिशेब मुलांना फार आवडतो. आता तोच मोडायचा. आपण दोन शक्यतांचा गुणाकार केला, तेव्हा एक गोष्ट गृहीत धरली की एक वाट तुटण्याचा दुसऱ्या वाटेशी काही संबंध नाही. संभाव्यतेच्या धड्यात ज्याला स्वतंत्र घटना म्हणतात ते. किनाऱ्यावर हे गृहीत किती खरं आहे?

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोवा-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यालगत समुद्रातून उत्तरेला सरकलं. दुसऱ्या दिवशी रात्री ते गुजरातच्या किनाऱ्यावर धडकलं, इथे तर नुसतं शेजारून गेलं. तरी झाडं, घरांची कौलं, विजेचे खांब आडवे झाले, वीज गेली, मोबाइलही मुके झाले. ज्यांची मुलं तेव्हा मुंबईत होती त्या घरांना विचारा. खुशाली कळवायला फोन लागत नव्हता, ही गोष्ट लोक अजून सांगतात. त्याच्या आधीचं वर्ष लॉकडाउनचं. रेंजसाठी डोंगरावर, काजूच्या बागेत वही घेऊन बसलेली मुलं आपल्यापैकी अनेकांच्याच वर्गातली होती.

वादळात नेमकं काय होतं ते उलगडून सांगा. फायबर ही काच आहे, तिला वीज लागत नाही, पण दोन्ही टोकांच्या यंत्रांना लागते. मोबाइल टॉवरला बॅटरी असते, काही ठिकाणी जनरेटर असतो. बॅटरी काही तास चालते, मग डिझेल लागतं, आणि डिझेलची गाडी रस्त्यावर पडलेल्या झाडापाशी अडते. गावातल्या केबलवाल्याची फायबर तर पुष्कळदा विजेच्याच खांबावरून येते. म्हणजे एक माड पडला की वीज, टीव्ही आणि नेट तिन्ही एका दमात खाली. घरात दोन कंपन्यांची दोन कनेक्शनं असतील, पण दोन्ही वायरी त्याच खांबावर असतील तर ती दोन नव्हेत. टॉवरचंही तसंच. एका टॉवरवर तीन कंपन्यांचे अँटेना असतात. तीन सिम असलेला माणूस निर्धास्त असतो, टॉवर मात्र एकच.

मोठ्या जगातही हेच घडतं. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या आणि भारताचं युरोपकडे जाणारं इंटरनेट मंदावलं. केबल दोन होत्या, मालक वेगळे होते, पण समुद्रातली वाट जवळजवळ एकच होती. आपल्या जिल्ह्याचंही बघा. उत्तर-दक्षिण जाणारा महामार्ग आणि १९९८ पासून पूर्ण धावू लागलेली कोकण रेल्वे, दोन्ही बऱ्याच ठिकाणी एकमेकांपासून फार लांब नाहीत. पूर्वेला करूळ, फोंडा, आंबोली हे घाट कोल्हापूर-बेळगावकडे नेतात, पण पावसाळ्यात दरडी तिथेच पडतात. जिल्ह्याबाहेर जायच्या वाटा मोजताना मुलांना हे सगळं आठवायला लावा. भूगोलाचे शिक्षक सोबत असतील तर हा तास दुप्पट रंगतो.

यावर उपाय आहेत, आणि काही चालूही आहेत. वादळाच्या काळात दूरसंचार विभाग कंपन्यांना इंट्रा-सर्कल रोमिंग सुरू करायला सांगतो. त्यामुळे तुमच्या कंपनीचा टॉवर बंद असला तरी दुसऱ्या कंपनीच्या चालू टॉवरवरून फोन लागतो. फोनमध्ये नेटवर्क निवडताना 'ऑटोमॅटिक' बंद करून हाताने दुसरं नाव निवडावं लागू शकतं. पालकांनी हे आत्ताच एकदा करून बघावं, वादळात शोधत बसू नये. खोदकामात केबल तुटू नये म्हणून २२ मार्च २०२३ ला 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आलं. खोदणाऱ्याने आधी नोंद करायची आणि जमिनीखाली ज्यांच्या वाहिन्या आहेत त्यांना सूचना जाते. ग्रामपंचायतीच्या सदस्य पालकांना हे माहीत असायला हवं, कारण पाण्याची पाइपलाइन खोदणारा ठेकेदार बहुधा त्यांच्याच ओळखीचा असतो.

शाळेसाठी दुसरं कनेक्शन घ्यायचं ठरलं तर वेग आणि भाडं यांच्या आधी तीन गोष्टी विचारा. तुमची लाइन कोणत्या रस्त्याने येते? खांबावरून की जमिनीखालून? आणि वीज गेल्यावर तुमचं यंत्र किती तास चालतं? उत्तर देणारा माणूस थोडा गोंधळेल. हरकत नाही, विचारत राहा. फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेला नेट गेलं तर मुलाचं वर्ष अडकू शकतं, एवढं कारण पुरेसं आहे.

वर्गात करायचं काम

चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला जिल्ह्याचा रस्ते नकाशा आणि सुतळी द्या. ओरोस आणि आठ तालुक्यांची ठिकाणं टाचण्यांनी दाखवा. आधी स्टार, मग रिंग करायला सांगा आणि सुतळी मोजायला लावा. अट एकच, सुतळी रस्त्यावरूनच जायला हवी. रिंग करताना बहुतेक गट ओरोस, कणकवली, वैभववाडी, देवगड, मालवण, वेंगुर्ला असे येतात आणि मग दोडामार्गपाशी अडतात. सावंतवाडीहून जाऊन त्याच वाटेने परत यावं तर ती रिंग होत नाही. काही मुलं शिरोडा-बांदा मार्गे वाट काढतात. एखादा गट विचारेल, 'गोव्यातून नेली तर चालेल काय?' का नाही? दूरसंचारच्या नकाशात महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच सर्कल आहे. मग कात्री घ्या आणि प्रत्येक गटाची सुतळी एका ठिकाणी कापा, कोण तुटलं ते त्यांनाच सांगू द्या. दुसरी कात्री लावण्याआधी विचारा, आता कुठे कापली तर सर्वांत जास्त गावं तुटतील?

गुण देताना उत्तर एकच धरू नका. कमी सुतळीत केलेल्या गटाला आणि जास्त वाटा दिलेल्या गटाला दोघांनाही पूर्ण गुण मिळू शकतात, त्यांनी कारण सांगितलं असेल तर.

आणि देवबाग. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे वाळूची चिंचोळी पट्टी आणि तारकर्लीकडून येणारा एक रस्ता. जमिनीवरून दुसरी वाट नाहीच. पण संगमाच्या पलीकडे वेंगुर्ला तालुक्यातलं भोगवे आहे, आणि तिथल्या डोंगरावरून देवबागचं टोक स्वच्छ दिसतं. जिथे नजर पोचते तिथे मायक्रोवेव्ह रेडिओ पोचू शकतो. भोगव्याला फायबर वेंगुर्ल्याच्या बाजूने आली आहे असं समजा, आणि खाडीवरून हवेतली एक वाट टाका. आता देवबागला दोन वाटा झाल्या, एक मालवणकडून आणि एक वेंगुर्ल्याकडून, दोन वेगळे रस्ते, दोन वेगळे तालुके. नवी वाट वर्षातले ५ टक्के दिवस बंद धरून मुलांना हिशेब करायला सांगा. मालवणच्या वाटेचे बंद दिवस आपण १६ काढले होते, म्हणजे ४.३ टक्के. उत्तर १९ तासांच्या आसपास यायला हवं. ते आल्यावर पुढचे प्रश्न द्या: खाऱ्या वाऱ्याने अँटेनाचे नटबोल्ट गंजतात, त्याची देखभाल कोण करणार? पाण्यावर आपटून परतणाऱ्या लहरी भरती-ओहोटीप्रमाणे बदलतात, मग अँटेना किती उंच लावायचा? वादळात दोन्ही टोकांची वीज एकाच वेळी गेली तर १९ तासांचा आकडा खरा राहील का?

तुमच्या तालुक्यात असं 'देवबाग' कोणतं, ते मुलांना शोधायला लावा आणि नकाशासह इथे पाठवा. चांगले नकाशे पुढच्या पाठात घेऊ.